बुद्धिबळातला बहिष्कार: बिल कुणाच्या नावावर फाटतं?

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी आवृत्ती. बोलताना घसरलेली वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच आहे.

विषय सुचला तो क्रिकेटमुळे. 2025 च्या आशिया कपमध्ये आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवला नाही, त्यावर महिनाभर चर्चा झाली. तेव्हा एका श्रोत्याने मेसेज केला होता, ‘बुद्धिबळात असं झालं तर काय होतं? तिथे तर हात मिळवूनच सुरुवात होते.’ प्रश्न चांगला होता. उत्तर मात्र हात मिळवण्यापाशी थांबत नाही. बुद्धिबळात बहिष्कार नेमका चालतो कसा, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे एकदा नीट उलगडून बघू.

सुरुवात घरापासून. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. 2020 मध्ये कोविडमुळे ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं, तेव्हा तो भारताचा कर्णधार होता. फायनलमध्ये इंटरनेट गंडलं, अपील झालं आणि भारत-रशिया दोघांना मिळून सुवर्ण दिलं गेलं. त्यानंतरचं खरंखुरं, पटावरचं ऑलिम्पियाड 2022 मध्ये मॉस्कोला होणार होतं. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, फिडेने मॉस्कोकडून यजमानपद काढून घेतलं, रशिया आणि बेलारूसच्या संघांवर बंदी घातली आणि मार्चमध्ये स्पर्धा चेन्नईला दिली. म्हणजे ज्यांच्यासोबत विदितने सुवर्ण वाटून घेतलं होतं तो संघ दोन वर्षांनी यादीतच नव्हता. चीननेही संघ पाठवला नाही. अमेरिकेला पहिलं मानांकन मिळालं, भारताला दुसरं.

आपल्याकडे ऑलिम्पियाड आलं तेच मुळी एका बहिष्कारामुळे, हे आपण सहसा बोलत नाही. चेन्नईचा तो रंगवलेला पूल, तो ‘थंबी’ घोडा, सगळं छानच होतं. पण त्यामागे एक रिकामी खुर्ची होती.

आणि उद्घाटनाच्याच दिवशी, 28 जुलैला, दुसरी खुर्ची रिकामी झाली. पाकिस्तानचा संघ भारतात पोचलेला होता. व्हिसा मिळाले होते, सामान उतरलं होतं. त्या दिवशी पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की आमचा संघ खेळणार नाही. कारण काय, तर स्पर्धेची मशाल श्रीनगरमधून नेली. आपल्या परराष्ट्र खात्याने उत्तर दिलं की जम्मू-काश्मीर आणि लडाख हे भारताचे अविभाज्य भाग आहेत, आणि संघ इथे पोचल्यावर असं अचानक मागे फिरणं आश्चर्यकारक आहे.

आता माझं मत सांगतो. भारतीय म्हणून मला मशाल श्रीनगरला जाणं आणि नागपूरला जाणं यात काही फरक वाटत नाही. पण ते क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त तारखा बघा. मशाल 19 जूनला दिल्लीहून निघाली, 75 शहरं फिरणार होती. श्रीनगरला ती 21 जूनला होती. संघ आला जुलैच्या शेवटी. मध्ये पाच आठवडे गेले. आक्षेप मशालीवर होता तर तिकिटं काढायच्या आधी घेता आला असता. मग तो खेळाडू सराव करून, इतका लांब येऊन, पहिल्या फेरीच्या तोंडावर परत गेला नसता. त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता थोडं तांत्रिक. शेड्युलिंगचं काम ऑफिसातही माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा आहे. कंटाळा आला तरी एवढा वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

क्रिकेटमध्ये बहिष्कार सोपा असतो. दोन बोर्डं असतात, मालिका ठरवायची किंवा नाही ठरवायची. मोठ्या स्पर्धेतही गट कोणते, सामना कधी, कुठे, हे महिनोन्महिने आधी माहीत असतं. मैदान तटस्थ देशात हलवता येतं. बुद्धिबळाच्या बहुतेक मोठ्या स्पर्धा मात्र स्विस पद्धतीने होतात. समजा 188 संघ आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर वर्ष जाईल. म्हणून अकरा फेऱ्या ठेवतात. पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी घालतात. 1 विरुद्ध 95, 2 विरुद्ध 96, असं. त्यानंतर प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे त्यांच्या जोड्या. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. उद्या समोर कोण, हे आज संध्याकाळी निकाल भरल्यावर कळतं.

जोड्या लावणारा प्रोग्रॅम गुण बघतो, मानांकन बघतो, पांढरी-काळी मोहरी कुणाला किती वेळा मिळाली ते बघतो. देशाचा रकाना फाइलमध्ये असतो, पण जोडी लावताना त्याचा विचार होत नाही. आपल्या नाशिकमध्ये रविवारी एखाद्या मंगल कार्यालयात लहान मुलांची स्पर्धा असते, तिथे हे कुणीही बघावं. पहिल्याच फेरीत सख्खे भाऊ समोरासमोर येतात. आई पंचांकडे जाते, ‘सर, आम्ही सिन्नरहून आलोय, घरी रोज हेच दोघं खेळतात, जरा बदला ना.’ सर म्हणतात, ‘ताई, कॉम्प्युटरने लावलंय.’ आणि भाऊ-भाऊ खेळतात. ऑलिम्पियाडलाही तत्त्व हेच.

याचा परिणाम असा की बुद्धिबळात ‘फक्त त्या एका देशाशी खेळणार नाही’ हे आधी ठरवून पार पाडता येत नाही. दोनच वाटा उरतात. एक तर स्पर्धेलाच जायचं नाही. किंवा जायचं आणि नेमकी ती जोडी लागली तर पटावर बसायचं नाही, म्हणजे वॉकओव्हर. पहिल्या वाटेत अख्खी स्पर्धा जाते. दुसऱ्या वाटेत तुमच्या नावावर शून्य चढतो आणि समोरच्याला, ज्याचा निषेध करायचा होता त्यालाच, एक फुकटचा गुण मिळतो. वर ज्यांचा यात काडीचा संबंध नाही त्यांनाही झळ बसते. स्विसमध्ये गुण सारखे झाले की तुमचे प्रतिस्पर्धी किती गुण कमावून गेले यावर क्रम लागतो, आणि न खेळलेला डाव तो हिशोब बिघडवतो.

सगळ्यात जास्त चटका बसतो तो नॉर्मला. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात हे तुम्हाला माहीत असेल. त्यात एक नियम असा आहे की, काही अपवाद सोडले तर, नॉर्मच्या नऊ डावांतले प्रतिस्पर्धी तुमच्या देशाबाहेरच्या किमान दोन देशांचे हवेत, आणि स्वतःच्या देशाचे तीन-पंचमांशापेक्षा जास्त चालत नाहीत. नियमालाच परदेशी माणूस लागतो! घरातल्या घरात खेळून ग्रँडमास्टर होता येत नाही. भारतात आता 80 च्या वर ग्रँडमास्टर आहेत. शेजारी पाकिस्तानात पटावर खेळून किताब मिळवलेला एकही नाही. वाघ्यापासून लाहोर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथल्या हुशार पोराला सगळ्यात जवळचे तगडे प्रतिस्पर्धी अमृतसर-दिल्लीत मिळतील. पण मी नाशिक-पुण्यात पाहिलेल्या स्पर्धांच्या याद्यांत मला आजवर एकही पाकिस्तानी नाव दिसलेलं नाही. याला कुणी बहिष्कार म्हणत नाही, कारण जाहीर काहीच होत नाही.

बहिष्काराची ही गणितं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली ती 1976 मध्ये. त्या वर्षीचं ऑलिम्पियाड इस्रायलमध्ये, हैफाला होतं. सोव्हिएत संघ, पूर्व युरोपातले देश आणि अरब देश गेले नाहीत. गंमत बघा, 1964 चं ऑलिम्पियाडही इस्रायलमध्येच झालं होतं, तेल अवीवला, आणि तेव्हा हेच सोव्हिएत खेळाडू जाऊन सुवर्ण घेऊन आले होते. मधल्या काळात 1967 चं युद्ध झालं होतं. देश तोच, पट तोच, फक्त सरकारांचे संबंध बदलले होते.

हैफाला 48 संघ उरले. खुल्या गटात अमेरिका जिंकली, 1937 नंतर पहिल्यांदाच. महिलांच्या गटात सुवर्ण कुणाला, तर इस्रायलला! ज्यांना एकटं पाडायचं होतं त्यांनाच सोव्हिएत महिलांच्या गैरहजेरीत सोन्याचं पदक मिळालं. (ऑलिम्पियाडमध्ये सरसकट स्विस पद्धत पहिल्यांदा वापरली तीही हैफालाच. हा योगायोग मला फार आवडतो.)

त्याच वेळी लिबियात, त्रिपोलीला, एक ‘प्रतिऑलिम्पियाड’ भरवलं गेलं. 34 संघ आले. एल साल्वाडोर पहिला, ट्युनिशिया दुसरा, पाकिस्तान तिसरा. सोव्हिएत संघ तिथेही गेला नाही. म्हणजे निषेधात पुढे, पण निषेधाच्या स्पर्धेत नाही. राजकारणात याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

सोव्हिएतांनी आणखी एक प्रकार केला, एका माणसावर बहिष्कार. त्याच 1976 मध्ये व्हिक्टर कोर्चनोई ॲमस्टरडॅमला स्पर्धा खेळायला गेला आणि परत गेलाच नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ज्या स्पर्धेला कोर्चनोईला बोलावणं असेल तिथे सोव्हिएत खेळाडू जात नसत. आयोजकाची अडचण समजून घ्या. एका पारड्यात एकटा कोर्चनोई, दुसऱ्यात जगातले निम्मे बलाढ्य खेळाडू. बरेच आयोजक गुपचूप त्याचं नाव गाळत. कुणाला कुठे बंदी घालावी लागली नाही, नुसत्या भीतीवर काम झालं. फक्त विश्वविजेतेपदाच्या लढतीत त्यांना त्याच्याशी खेळावंच लागलं, कारण तिथे न खेळणं म्हणजे मुकुट सोडणं.

याचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. 1983 मध्ये कोर्चनोईची उपांत्य लढत वीस वर्षांच्या कास्पारोव्हशी होती, अमेरिकेत पासाडेनाला. सोव्हिएत महासंघाने कास्पारोव्हला पाठवलंच नाही. कोर्चनोई न खेळता विजयी घोषित झाला. नियमाने तो पुढे गेला होता. तरीही वाटाघाटी झाल्या आणि तो लंडनमध्ये खेळायला तयार झाला. बदल्यात त्याच्यावरचा बहिष्कार उठला. लढत कास्पारोव्हने 7-4 अशी जिंकली. हातात आलेला विजय त्याने पटावर हरला, पण त्या बदल्यात सगळ्या स्पर्धांची दारं पुन्हा उघडून घेतली.

आता अलीकडचं, इराणचं. इराणी खेळाडूने इस्रायली खेळाडूशी खेळायचं नाही हा तिथला दंडक. स्विस पद्धतीत हे किती अवघड असतं ते वर सांगितलंच. 2017 मध्ये बोर्ना देरखशानी नावाचा पोरगा जिब्राल्टरला अलेक्झांडर हुझमन या इस्रायली ग्रँडमास्टरसमोर बसला आणि डाव खेळला. इराणी महासंघाने त्याच्यावर बंदी घातली. त्याच स्पर्धेत त्याची बहीण दोर्सा हिजाबशिवाय खेळली म्हणून तिच्यावरही. ती पुढे अमेरिकेकडून खेळली.

2019 च्या एप्रिलमध्ये जर्मनीत कार्ल्सरुहेला अलीरेझा फिरोझजाला ओर ब्रोनश्टाइन या इस्रायली खेळाडूची जोडी लागली. तो बसला नाही, गुण गेला. पंधरा वर्षांचा मुलगा होता तो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉस्कोला जागतिक रॅपिड स्पर्धा होती. इराणी महासंघाने कुणालाच पाठवायचं नाही असं ठरवलं, पुन्हा जोडीचीच भीती. फिरोझजा फिडेच्या झेंड्याखाली खेळला, कार्लसनच्या मागे दुसरा आला आणि इराणकडून परत कधी खेळला नाही. आता तो फ्रान्सचा आहे. एक गुण वाचवायच्या नादात, म्हणजे खरं तर एक गुण घालवायच्या हट्टापायी, इराणने एवढा मोठा खेळाडू घालवला.

उलट बाजूचंही तितकंच. 2017 च्या डिसेंबरमध्ये जागतिक रॅपिड आणि ब्लिट्झ स्पर्धा रियाधला झाली. इस्रायली खेळाडूंना सौदीने व्हिसाच दिले नाहीत. आना मुझिचुक ही युक्रेनची खेळाडू दोन्ही प्रकारांत जगज्जेती होती. तिथल्या महिलांवरच्या निर्बंधांमुळे ती स्वतःहून गेली नाही, दोन्ही किताब सोडले. आणि त्याच स्पर्धेत आपल्या आनंदने 48 व्या वर्षी रॅपिडचं जगज्जेतेपद मिळवलं. आपण पेढे वाटले. इस्रायली खेळाडूंना व्हिसा नाकारल्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर गेली असेल. आनंदचं यश त्याने कमी होत नाही, पण ही ओळ त्याच्या शेजारी असायला हवी असं मला वाटतं.

मुझिचुकसारखीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे. पुण्याची सौम्या स्वामिनाथन, 2009 ची जागतिक ज्युनियर मुलींची विजेती. 2018 मध्ये आशियाई सांघिक स्पर्धेसाठी तिची भारतीय संघात निवड झाली. स्पर्धा आधी बांगलादेशात ठरली होती, नंतर इराणमध्ये हमादानला गेली. तिथे महिलांना डोक्यावर स्कार्फ सक्तीचा. सौम्याने फेसबुकवर जाहीर लिहिलं की ही सक्ती माझ्या मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे, म्हणून मी जाणार नाही. खेळासाठी खेळाडू बरंच जुळवून घेतात, पण सगळंच नाही, असा तिचा सूर होता. आणि स्पर्धा कुठे द्यायची हे ठरवताना खेळाडूंचा विचार होत नाही, याबद्दल तिने नाराजीही व्यक्त केली.

त्यावर तेव्हा भरपूर धुरळा उडाला. काहींनी तिला झेंडा करून आपापल्या मोर्च्यात फिरवलं. काहींनी विचारलं, मग 2017 मध्ये तेहरानला स्कार्फ बांधून खेळलेल्या आणि कांस्यपदक मिळवलेल्या हरिकाचं काय? मला हे दोन्ही आवाज सारखेच चुकीचे वाटतात. हरिकाने खेळायचं ठरवलं, सौम्याने नाही खेळायचं ठरवलं. दोघींनी स्वतः ठरवलं. सौम्याने घरी बसण्याची किंमत स्वतःच्या खिशातून दिली, संघातल्या बाकीच्यांना ‘तुम्हीही जाऊ नका’ असं म्हटलं नाही. चेन्नईतून परत गेलेल्या पाकिस्तानी खेळाडूंच्या बाबतीत हुकूम एकाचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असं झालं. मी या दोन गोष्टींना एकच शब्द वापरायला तयार नाही. ‘बहिष्कार’ हा शब्द सौम्याच्या बाबतीत शोभतो. दुसऱ्याला ‘मनाई’ म्हणा.

इथे कुणी म्हणेल, मग सरकारांनी कधीच काही करू नये का? दक्षिण आफ्रिकेचं काय? योग्य प्रश्न. 1974 मध्ये भारताची टेनिस टीम डेव्हिस कपच्या फायनलला पोचली होती, समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदामुळे भारताने फायनल सोडली. अमृतराज बंधूंच्या आयुष्यातली तेवढी मोठी संधी गेली. बुद्धिबळातही दक्षिण आफ्रिका जवळजवळ दोन दशकं बाहेर होती. ते मला पटतं. पण तिथे मागणी स्पष्ट होती, सगळं जग एकत्र होतं, आणि निषेध त्याच देशातल्या बहुसंख्य लोकांच्या बाजूने होता. मशालीच्या मार्गावरून संघ परत नेण्यात यातलं काय होतं?

मधला मार्ग म्हणून फिडे अलीकडे जोड्याच टाळते. 2022 च्या महिला कँडिडेट्समध्ये आठ खेळाडू होत्या, तीन रशियन आणि दोन युक्रेनियन. फिडेने ड्रॉ असा केला की रशियन एका बाजूला, युक्रेनियन दुसऱ्या बाजूला, गाठ पडलीच तर फायनलला. आपली हम्पी मुझिचुक बहिणींच्या बाजूला आली आणि पहिल्याच लढतीत आनाकडून हरली. जोड्या लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोन नावं एकमेकांसमोर येऊ द्यायची नाहीत अशी सोय असते. युद्ध चालू असताना, घरावर क्षेपणास्त्रं पडत असताना, ही माणुसकी आहे हे मी मान्य करतो. पण कोड लिहिणारा माणूस म्हणून भीती वाटते. एक अपवाद टाकला की दुसरा मागायला लोक येतातच. आज रशिया-युक्रेन, उद्या इराण-इस्रायल, परवा आपण. आणि मग त्या सिन्नरच्या ताईंना पंच काय सांगणार?

राहिला त्या श्रोत्याचा मूळ प्रश्न, हात मिळवण्याचा. 2008 मध्ये नेदरलँड्सला वाइक आन झी इथे नायजेल शॉर्टने हात पुढे केला आणि इव्हान चेपारिनोव्हने मिळवला नाही. तेव्हा फिडेचा नवा नियम होता की असं केलं तर डाव गेला. पंचांनी चेपारिनोव्हला हरलेला घोषित केलं. अपील झालं, डाव पुन्हा खेळवला आणि शॉर्टने तो जिंकला. त्यामुळे बुद्धिबळात या प्रश्नाचं उत्तर टीव्हीवरच्या चर्चेवर सोडलेलं नव्हतं, थेट गुणतक्त्यात होतं.

2024 मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं. विदित त्या संघात होता, नागपूरची दिव्या देशमुख महिला संघात होती आणि पुण्याचा अभिजित कुंटे महिला संघाचा कर्णधार होता. तेव्हा एक व्हिडिओ फिरला होता, पाकिस्तानच्या खेळाडूंनी हातात तिरंगा धरून फोटो काढलेला. कुणाच्या परराष्ट्र खात्याला विचारून काढला नसावा.

पुढचं ऑलिम्पियाड 2026 मध्ये उझबेकिस्तानात, समरकंदला. भारताचं मानांकन अगदी वरचं असणार, म्हणजे पहिल्या फेरीत समोर यादीच्या मध्यावरचा कुणीतरी. पहिल्या फेरीच्या जोड्या लागतील तेव्हा बघूच कोण येतं. पुढच्या भागात स्विसमधला टायब्रेक उदाहरणासकट समजावतो, बऱ्याच पालकांनी विचारलं आहे. तोवर भेटू.